अंजूची गादी

केज
९ फेब्रुवारी

भागवतराव इवाई,

रामराम. पत्राचा मायना मला येत न्हाई. चौथीच्या पुढं शाळेचं तोंड बगितलं न्हाई, तवा चुकलंमाकलं तुमीच नीट करून वाचा.

फोन कावून केला न्हाई म्हनताल. तर फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई. मी एक बोलते, तुमी हां हां म्हनता, अन मग फोन तुमची सून घेती. माज्या घरातलं समदं तिला सांगायची मला हौस न्हाई. म्हनून कागद.

अंजूला काल दवाखान्यातून घरी आणली. माज्या हनुमाननं उचलून आत घेतली. तिचा पदर चाकात गेला त्या दिसापासून ह्या पोरानं मोटारसायकलीला हात लावला न्हाई, तशीच गोठ्यात धूळ खात पडलीया. अंजूच्या पाठीचे टाके वाळले, पर कमरंच्या खाली पाय आजून तिचे न्हाईत. डाक्टर म्हनला, पाय येतेल, पर लई महिने धीर धरा, अन तवर अंगाला जखम पडू देऊ नका. एका जागी पडून पडून कातडं नासतं. जखम पडली की व्यायाम बंद, अन व्यायाम बंद झाला की पाय इसरा. तोंडावर बोलला, मुलाहिजा ठिवला न्हाई. मला आसा मानूस आवडतो.

दर दोन तासाला कूस बदला म्हनला, अन आदी गादी बदला. कापसाची चालनार न्हाई, तिची गठुळं व्हतेत. हवेची गादी मोटरवर चालती, अन आमच्याकडं लाईट कवा जाईल त्याचा नेम न्हाई. तवा फोम घ्या न्हाईतर लॅटेक्स घ्या. हनुमान बाजारात जाऊन आला. केजचा दुकानदार म्हनतो फोमच घे, लॅटेक्स म्हंजी निस्तं रबर. आंबाजोगाईचा म्हनतो लॅटेक्सच घे, फोम म्हंजी भट्टी. ज्याच्याकडं जे हाय ते त्याला चांगलं. तुमी सोसायटीत सेक्रेटरी व्हता, चार गावचं पाणी पिलेले. बगा अन सांगा कोनती. उगं आठ दिवस लावू नका.

अन एक. त्या दिशी दवाखान्यात तुमचा तानाजी भिताडाला टेकून म्हनला, बहिणीला आमी घेऊन जाऊ, तिकडं तिची आबाळ व्हईल. पोरगी जागी व्हती. तिनं ऐकलं अन तोंड भिताडाकडं केलं, ते दुसऱ्या दिशी जेवायलाच वळवलं. आसं परत बोलू नका. सून माजी हाय.

छबुबाई


धर्मापुरी
१५ फेब्रुवारी

श्रीमती छबुबाई इहीणबाई यांना भागवतचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही जिम्मा टाकला, तो मी हलका घेतला नाही. परळीला दोन दुकानं पाहिली, मग अंबाजोगाईला गेलो. सोबत अंजूची आई दगडाबाई होती. तिला म्हटलं, तूच झोपून बघ, तर तिला लाज वाटली. मग मीच चप्पल काढून एकेका गादीवर आडवा झालो, पाठीवर, मग दोन्ही कुशीवर, अंजू झोपेल तसा. माणसं थांबून बघत होती. बघेनात.

फोमचं सांगतो. मूठ दाबून काढली की खड्डा तसाच राहतो आणि हळूहळू भरतो. माणूस त्यात रुततो, त्यामुळं वजन सगळीकडे वाटलं जातं, एका हाडावर येत नाही. हे आपल्याला पाहिजे तसंच आहे. वजनाला हलका, एक बाई उचलेल. पण गरम होतो. मी थोडा वेळ पडलो तेवढ्यात सदरा पाठीला चिकटला, आणि अजून उन्हाळा यायचाच आहे. शिवाय रुतलेल्या माणसाला कुशीवर करायचं म्हणजे खड्ड्यातून काढल्यासारखं. फोममध्येही हलका आणि भारी असतो. हलका लवकर बसतो, मग त्यात आणि सतरंजीत फरक नाही.

लॅटेक्स रबराच्या झाडाच्या चिकापासून करतात. त्याला आरपार बारीक भोकं असतात, त्यातून हवा खेळते. दाबलं की लगेच वर येतं, म्हणून कूस बदलायला सोपं. पण वजन फार. उचलायला दोघं लागतील. नवीन असताना वास येतो, तो काही दिवसांत जातो म्हणाले. दुकानदारानं निगा कशी राखायची तेही सांगितलं, पण ते कोणती घ्यायची हे ठरल्यावर वेगळं लिहीन, इथं गोंधळ नको.

माझं मन लॅटेक्सकडे झुकतं. पण फोमवरची ती मूठ डोळ्यांपुढून जात नाही. तुमचं मत कळवा.

गादी मात्र आम्हीच देणार. लग्नात दिवाण-गादी माहेरची होती, आताची पण माहेरचीच.

तानाजीचं मनावर घेऊ नका, तो तापट आहे. पण इहीणबाई, राग मानू नका, तुमचं वय बघता दर दोन तासाला कूस बदलायचं तुमच्याच्यानं होईल का, हा विचार इकडे सगळेच करतात. मी पण करतो.

आपला व्याही,
भागवत


केज
२० फेब्रुवारी

इवाई,

रामराम. तुमचं पत्र आलं. चार कागद.

दुकानात नवरदेवावानी लोळून आलात अन परत मलाच इचारता तुमचं मत कळवा. माजं मत असतं तर तुमाला कशाला इचारलं असतं. फोम का लॅटेक्स, एवढंच इचारलं व्हतं. हनुमाननं दोनदा वाचलं, मी एकदा, उत्तर काय घावलं न्हाई. अंजूनं बी वाचलं. तुमी चप्पल काढून आडवे झाले तिथं ती हसली. आपरेशनानंतर पहिल्यांदा हसली. तेवढं पुण्य तुमच्या नावावर लिवून ठिवा.

आता एक ओळ लिवायची. नाव लिवायचं अन गादी धाडायची. निगाबिगा मला शिकवू नका. गाद्या झाडण्यात माजा जल्म गेला.

माजं वय काढलं. कडब्याची पेंढी मी आजून एका हातानं माळ्यावर फेकते. कूस बदलायला काय पैलवान लागत न्हाई. ठिवलेलं ध्यान लागतं.

माहेरची गादी म्हनता तर माहेरची. मी आडवत न्हाई. पर गादी माहेरची, पोरगी सासरची. हे तानाजीला सांगा.

छबुबाई


धर्मापुरी
२८ फेब्रुवारी

इहीणबाई, लॅटेक्स. टेंपोबरोबर पाठवली आहे.

भागवत


केज
१९ मार्च

इवाई,

रामराम. आसं लिवायचं. कळलं ना.

गादी पावली. टेंपोवाल्यानं अन हनुमाननं उतरवली तर दोघांचे सदरे भिजले. खरवसावानी हलती. हात ठिवला की परत वर येती. आमची शेजारीन वत्सलाबाई म्हनली, छबे, हिच्यावर मानूस झोपतंय का नाचतंय. वास बी आला, पर आता गेला.

अंजू झोपली त्याच्यावर. म्हंजी खरंच झोपली, डोळं मिटून पडायची तशी न्हाई. कूस बदलायला तुमी म्हनलाव तसंच सोपं जातं, मी एकटीच करते. हनुमान सकाळी तिला उचलून वसरीवर नेतो, तिथं आंगोळ, तिथं व्यायाम, पार जेवाय होस्तवर ती तिथंच माणसात आसती. रस्त्यानं जानारी माणसं इचारत्यात, तिला बी बरं वाटतं.

परवा तिच्या डाव्या पायाचा आंगठा हलला. मी पाय चोळत व्हते, मला वाटलं मीच हलवला. हात काढला, तरी हलला. कुनालाच सांगितलं न्हाई, नजर लागंल म्हनून. हनुमानला बी दुसऱ्या दिशी सांगितलं. तो गोठ्यात गेला अन लई येळ आलाच न्हाई. आता तुमाला सांगते. इहीणबाईला सांगा, बाकी गावाला सांगू नका.

गादीची फिकीर करू नका. पोरीच्या हातून कवा कवा ओलं व्हतं, तिचा त्यात काय दोष. मी डाग ऱ्हाऊ देत न्हाई. कापसाच्या गादीची बी कदी राखली न्हाई इतकी हिची निगा राखते. उचलून उचलून वत्सलाबाईच्या अन माज्या कमरा मोडल्या, पर तुमच्या घरची वस्तू हाय, नाव ठिवाया जागा ठिवनार न्हाई.

छबुबाई


धर्मापुरी
८ एप्रिल

इहीणबाईंना नमस्कार.

अंगठ्याचं दगडाबाईला सांगितलं. ती मंदिरात गेली आणि लगेच परत आली. म्हणाली, बोलले तर आत कुणीतरी ऐकेल म्हणून काही न बोलताच हात जोडून आले. तुमच्यासारखीच आहे ती पण.

आता दुसरं लिहायचं आहे आणि ते लिहिताना मला बरं वाटत नाही.

सिरसाळ्याचे आसाराम तुमच्या घरी मार्चमध्ये दोनदा येऊन गेले. त्यांची पुतणी लग्नाची आहे. बाजारात माणसं बोलतात की हनुमानचं दुसरं बघायचं चाललंय, पहिलीचं काही खरं नाही म्हणून. तानाजीच्या कानावर आलं, त्यानं घरात सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. ठेवला असंही नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे.

आसाराम तुमच्याकडे आले होते का? कशाला आले होते? तुमच्या पत्रात अंगठ्याचं आहे, वत्सलाबाईंचं आहे, टेंपोवाल्याच्या सदऱ्याचं पण आहे. आसारामांचं नाही.

भागवत


केज
१८ एप्रिल

भागवतराव,

आसारामचं इचारलं. इचारलं म्हंजी तुमच्या मनात आलं. ज्याच्या मनात आलं त्याला उत्तर देऊन काय उपेग. मी देत न्हाई.

तुमी तुमच्या लॅटेक्सचं आदी बगा. माजी गादी कशी हाय म्हनून मी पत्र लिवत व्हते ना खुशीनं, आता ऐका. गादी पिवळी पडली, हळदीच्या हातावानी. वरून भेगा पडल्या, मेमधल्या रानाला पडत्यात तशा. हात फिरवला की रवा निगतो. मधी आशी निबर झाली की टिचकी मारली तर वाजती. रोज डोळ्यापुढं थोडं थोडं व्हत गेलं, म्हनून आठवडाभर मला कळलंच न्हाई.

अन काल अंजूच्या उजव्या खुब्यावर लाल जागा बगितली. रुपयाएवढी. बोटानं दाबली तर पांढरी व्हत न्हाई, तशीच लाल ऱ्हाती. डाक्टरनं मला हेच सांगितलं व्हतं, दाबून पांढरी झाली न्हाई की समजा जखम निगाली. मी तिला बोलले न्हाई. पर तिनं माज्या तोंडाकडं बगितलं अन तिला कळलं. म्हनली, आत्या, पडली का? मी म्हनलं, डास चावलाय.

इतकी दुकानं फिरला, लोळून बगितलं, चार कागद लिवले, अन जुना सडका माल गळ्यात घालून घेतला. ह्यापरीस माजी कापसाची बरी व्हती. तिनं आजून कुनाचं हाड नासवलं न्हाई. जावा त्या दुकानदाराकडं अन धरा त्याला.

छबुबाई


धर्मापुरी
२१ एप्रिल

इहीणबाई,

गेलो होतो. तुमचं पत्र खिशात घेऊन गेलो. दुकानात गिऱ्हाईकं होती, त्यांच्यादेखत ओरडलो. मी कधी ओरडत नाही, मला माझाच आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं किती मोठ्यानं ओरडलो ते मला माहीत नाही.

दुकानदारानं ऐकून घेतलं. मग एका कागदावर लिहून माझ्यापुढं सरकवलं. काका, गादी उन्हात टाकत होते का?

लॅटेक्सला ऊन दाखवायचं नसतं. उन्हानं ते पिवळं पडतं, कडक होतं, त्याचा भुगा होतो. ओलं झालं तर फडक्यानं टिपायचं, सावलीत वारं द्यायचं. त्यानं मला हे घेतानाच सांगितलं होतं. मी तुम्हाला लिहिणार होतो. तुम्ही एक ओळ मागितली. मला राग आला आणि मी एकच ओळ लिहिली.

आता तुम्ही सांगा. गादी उन्हात टाकली का? हो किंवा नाही. तुम्हाला आवडतं तसं, एका ओळीत.

तानाजीला मी दुकानातलं सांगितलं, ते सांगायला नको होतं. तो म्हणतो मुद्दाम केलं. गादी नासवायची, पोरीला जखम पडू द्यायची, मग पोरगी आपोआप माहेरी जाते आणि आसारामची पुतणी येते. काल घरात भावकी बसली होती. येत्या रविवारी जीप घेऊन येतात, तानाजी आणि सोबत चारजण. अंजूला घेऊन येणार.

मी त्यांना नाही म्हणालो नाही. मी तिचा बाप आहे.

भागवत


केज
२५ एप्रिल

इवाई,

हे पत्र त्रिंबकच्या जीपवर देते. तो धर्मापुरीच्या भाड्यावर चाललाय, तुमच्या हातात देईल. पोस्टाचा आता भरोसा धरत न्हाई, रविवार जवळ आलाय.

व्हय. टाकली. रोज टाकली.

हनुमान अंजूला वसरीवर न्यायचा, अन मी अन वत्सलाबाई गादी उचलून अंगणात बाजंवर टाकायचो. खोळ काढून धुवायची, गादी उघडी उन्हात. जेवणं झाली की परत आत. जड व्हती म्हनून एक दिवस सुदीक चुकवली न्हाई. गादीला ऊन न्हाई दाखवलं तर तिच्यात कसर व्हती, वास व्हतो, हे मला माज्या मायनं शिकवलं अन तिला तिच्या मायनं. तुमच्या घरी काय करत्यात गादीला? इहीणबाईला इचारा. ती बी पत्र्यावरच टाकीत आसंल.

अन पोरीला ओलं झाल्याची लई लाज वाटायची. आत्या, वास येतोय का, आत्या, खरं सांगा. म्हनून मी आजून तासभर जादा टाकायची. परत आणली की तिच्या नाकाला लावून म्हनायची, बग, उन्हाचा वास येतोय निस्ता.

एक ओळ मीच मागितली. ते झालं. त्याच्यावर आता तुमी बी लिवू नका, मी बी लिवत न्हाई.

तुमचं पत्र आलं त्याच दिशी हनुमाननं केजातून फोम आणला, भारी मधला. आणायच्या आदी तुमचे ते चार कागद डब्यातून काढून बसून वाचले. तुमचं समदं बरोबर निगालं. रुतती. घाम येतो. कुशीवर करताना खड्ड्यातून काढल्यावानी जोर लागतो. पर हाड टेकत न्हाई, मी हात घालून बगितलं. दोन बाजूनं दोन पंखे लावलेत, सुती चादर दिसातून तीनदा बदलते. लाईट गेली की वत्सलाबाई पुठ्ठ्यानं वारं घालती अन लाईटवाल्यांना शिव्या घालती. अन दुकानदाराला ह्या बारी आदी इचारलं, ऊन चालतं का. तो बी न्हाई म्हनला. समद्याच गाद्या आता उन्हाला भिणाऱ्या निगाल्यात.

खुब्यावरची जागा आजून फुटलेली न्हाई. सिस्टर रोज येऊन बगती. म्हनली, आता त्या कुशीवर बिलकूल न्हाई, अन दोन तासाचं इसरा, तासाला बदला. तर कातडं वाचंल, अन व्यायाम बंद करायची पाळी येनार न्हाई.

आता आसारामचं. आला व्हता. दारात आलेला मानूस, बसा म्हनलं. पाणी दिलं. तर म्हनतो, छबुबाई, पोरगी किती दिवस आशी पडून ऱ्हानार, घराला दिवा नको का, माजी पुतणी हाय, पहिलीला बी सांभाळंल. आत अंजू जागी. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, तिला ऐकू जावं म्हनून. म्हनलं, आसाराम, गाडीवरून हनुमान पडला असता अन अंजू धड असती, तर तिच्यासाटी दुसरा नवरा घेऊन आला असतास का? उठला अन गेला. गडबडीत पिशवी इसरला. दुसऱ्या बारी आला तो पिशवी न्यायला, ती वत्सलाबाईनं दारातूनच त्याच्या अंगावर टाकली. बाजारात हे दुसरं कुनी सांगितलं न्हाई वाटतं.

तवाच लिवलं असतं. पर तुमी ज्या रीतीनं इचारलं, मला मुकाट बसावं वाटलं.

काल तुमचं पत्र मी अंजूला वाचून दाखवलं. समदं. दुकानातलं, तानाजीचं, भावकीचं, जीपचं. मग इचारलं, तुला जायचं का? हनुमान चौकटीत उबा व्हता, त्याला म्हनलं तू बाहेर हो, तर ती म्हनली ऱ्हाऊ द्या. मग म्हनली, जीपमधी मला कसं झोपवतेल, आत्या? म्हनलं, ते मी बगते, जायचं का ते सांग.

म्हनली, जायचं न्हाई. पर आई पायजे.

तवा आता ऐका. मी एकटी तासाला कूस बदलते अन मला आता ते व्हत न्हाई. वय काढलं व्हतं ना तुमी, घ्या. काल संध्याकाळी माजा हात सुटला अन ती परत त्याच कुशीवर पडली. हनुमान कामावर असतो, अन काम सोडून भागत न्हाई. मला दोन हात पायजेत, अन ते दुसऱ्या कुनाचे नकोत. इहीणबाईला पाठवा. राहाया पाठवा, भेटाया न्हाई.

मला ठाव हाय, लेकीला लेकरू झाल्याबिगर लेकीच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई हा त्यांचा नेम हाय. लग्नाला तीन वर्सं झाली, जेवढ्या बार आल्या तेवढ्या बार कोरड्या तोंडानं गेल्या. दवाखान्यात बी माज्या डब्यातली भाकर घेतली न्हाई, बाहेर जाऊन केळी खाल्ली. मी कदी बोलले न्हाई. ज्याची त्याची रीत. आता बी मोडा म्हनत न्हाई. तुमच्या हिरीचं पाणी टिपाड भरून जीपमधी टाका, संपलं की त्रिंबक आणून देत जाईल. पीठ आणा, मीठ आणा, मी वसरीवर येगळी चूल मांडून देते. माज्या घरचं काईच त्यांच्या तोंडात जानार न्हाई, हा माजा शब्द.

तानाजीला यायचं असंल तर येऊ द्या. चारजण बी येऊ द्या. फकस्त जीपमधून उतरलं की आदी हात धुवायचे अन अंजूला त्या खुब्याला धक्का न लागता ह्या कुशीवरून त्या कुशीवर करून दाखवायचं. ज्याला जमलं त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी च्या पिऊन जायचं.

त्रिंबक दिवस मावळायच्या आत परत फिरतो. उत्तर त्याच्याजवळ द्या. लांब लिवलं तरी चालंल.

छबुबाई


धर्मापुरी
२५ एप्रिल, दुपार

इहीणबाई,

त्रिंबक दारात उभा आहे, हॉर्न वाजवतो म्हणे, मला तेवढं बरं आहे की ऐकू येत नाही.

रविवारची जीप मी मोडली. तानाजीला तुमचं पत्र हातात दिलं, म्हटलं पूर्ण वाच. आसारामच्या पिशवीपर्यंत आला आणि पत्र माझ्याकडे देऊन मळ्यात निघून गेला. संध्याकाळी बोलेल किंवा नाही बोलणार. भावकीला मी सांगतो.

दगडाबाईला वाचून दाखवलं. मला वाटलं उन्हाचं ऐकून ती काही म्हणेल, तर म्हणाली, मी पण पत्र्यावरच टाकली असती. पुढं वाचत गेलो. आई पायजे, इथपर्यंत आलो आणि वर बघितलं तर ती तिथं नव्हती. आत लुगडी पिशवीत भरत होती. मी मागं मागं जाऊन तुमचं पाण्याचं वाचलं, चुलीचं वाचलं. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही.

म्हणून मी टिपाड घासायला घेतलं. विहिरीवरून दोन खेपा आणून निम्मं भरलं पण होतं. ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, हे कशाला? म्हटलं, तुझा नेम. तर टिपाडाकडे बघून म्हणाली, त्रिंबकच्या जीपमध्ये आधीच सात माणसं आहेत, त्याच्यापायी मला खाली उतरवतील. आणि जाऊन बसली.

हे पत्र तीच तुमच्या हातात देईल. पोहोचेपर्यंत ऊन कमी होणार नाही. तिला आल्या आल्या आधी पाणी द्या.

भागवत